पंप उतरवायच्या आधी

पालखी दिवे घाट चढून गेली आणि पाऊस लागला, की सासवड रस्त्यावरच्या आमच्यासारख्या गॅरेजांत डिझेलची कामं वाढतात. त्यातली बरीचशी आठवतही नाहीत. हे काम लक्षात राहिलं, कारण गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिचं निदान आधीच ठरून आलं होतं.

गाडी टाटा ४०७, जुनी, इनलाइन पंपाची. हा पंप म्हणजे दाब देऊन डिझेल नोझलकडे, म्हणजे इंजिनात फवारणाऱ्या तोट्यांकडे, पाठवणारा. मालक पुरंदरातले सीताफळवाले, वयस्कर, आसपासचे सगळे त्यांना आबा म्हणतात. गाडी पुतण्या चालवतो. पहाटे क्रेट भरून घाट उतरायचा, गुलटेकडीला मार्केट यार्डात माल लावायचा आणि येताना खताच्या गोण्या घेऊन घाट चढायचा. उतरताना गाडीची काही तक्रार नाही. चढताना मात्र निम्म्या घाटात पिकप जायचा, गाडी मिस मारायची, मागून पांढरा धूर, की बंद. दहा-पंधरा मिनिटं उभी केली की पुन्हा चालू. परत दोन वळणं, परत तेच.

एका गॅरेजात त्यांना सांगितलं होतं की पंप गेलाय. पंप उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून जुळवायला द्या, एलिमेंट (पंपातले दाब देणारे दट्टे) नवे, चारही नोझल नवे. आबा त्या खर्चाचा आकडा सांगताना मध्येच थांबले.

"मिस्त्री, तुम्ही पंपाचं काम करा, पण जरा संभाळून घ्या."

मी म्हटलं, "आबा, झिजलेला पंप दहा मिनिटं विसावा घेऊन बरा होत नाही."

खरी खूण त्या विसाव्यातच होती. एलिमेंट झिजले तर गाडी गरम असताना स्टार्ट व्हायला कुरकुरते. दहा मिनिटं उभं राहून ती तंदुरुस्त होत नाही. थांबलं की सुटणारी गोष्ट बहुतेक वेळा एकच: टाकीतल्या जाळीला चिकटलेली घाण. फीड पंप, म्हणजे टाकीतून डिझेल आणणारा छोटा पंप, ओढत असतो तोवर ती जाळीवर बसून राहते, ओढ थांबली की खाली पडते. सपाटीला इंजिन थोडंच डिझेल मागतं, तेवढं अर्धवट बुजलेल्या जाळीतूनही येतं. चढाला लोड आला की तेच पुरत नाही.

पण अंदाजावर कुणाची टाकी उतरवू नये. आधी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळी लावली. लाइन कुठे एअर घेत असती तर बुडबुडे पळताना दिसले असते. एकही नाही. मग कॅन लावला. फीड पंपाची टाकीकडून येणारी लाइन सोडून तिथे स्वच्छ डिझेलच्या कॅनमधली नळी जोडली, रिटर्नचा पाइपही त्याच कॅनमध्ये सोडला, हँड प्रायमरने, म्हणजे हाताने दाबायच्या पंपाने, एअर काढली आणि कॅन हौद्यात गोण्यांच्या शेजारी करकचून बांधला. माल उतरवू दिला नाही. रिकाम्या गाडीने घाट चढून काहीच कळलं नसतं. मस्तानी तलाव खाली दिसू लागतो ते वळण गेलं, त्यानंतरचं गेलं, गाडी माथ्यावर. पुतण्या माझ्याकडे बघायला लागला. तोच पंप, तेच नोझल. खाली येऊन टाकीची लाइन परत जोडली, तर पुन्हा निम्म्यातच ठप्प. म्हणजे दोष पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला.

गॅरेजला आल्यावर फिल्टरची वाटी खोलली आणि त्यातलं एका मोकळ्या सोड्याच्या बाटलीत ओतून ठेवलं. चहा होईपर्यंत बाटलीत तीन थर: वर डिझेल, खाली पाणी, आणि मधल्या रेघेवर काळी बुळबुळीत साय.

पुतण्या पेटलाच. "पेट्रोल पंपावाल्याने रॉकेल घातलं, मी म्हणत नव्हतो?" मी त्याला बाटली दाखवली. रॉकेल डिझेलात मिसळून जातं, ते असं वेगळं उभं राहत नाही. हे पाणी आहे. तेवढ्याने तो थांबणार नव्हता. ते नेहमी डिझेल भरतात त्या पेट्रोल पंपावर आम्ही गेलो. तिथला मॅनेजर बिचारा शांत माणूस. जार आणला, हायड्रोमीटर बुडवला, घनता नोंदवहीशी जुळवून दाखवली. गिऱ्हाइकाने मागितलं तर पंपावाल्याने हे दाखवायलाच हवं, आणि ५ लिटरच्या शिक्क्याच्या मापाने मोजूनही. पण घनतेवर माझं समाधान होत नाही. घनता भेसळ पकडते. पंपाच्या टाकीत तळाला साचलेलं पाणी जारमधल्या नमुन्यात येईलच असं नाही. त्यासाठी पाणी शोधायची पेस्ट असते. ती डिप रॉडच्या टोकाला लावून टाकीच्या तळापर्यंत सोडायची, पाणी लागलं तेवढ्या भागाचा रंग बदलतो. मॅनेजरने ते आपणहून केलं. रंग होता तसाच. मी त्याच्याकडून थोडी पेस्ट कागदात बांधून घेतली.

मग आबांना विचारलं, "डिझेल थेट गाडीतच भरता का?"

"गाडीत बी आन् बॅरलात बी. ट्रॅक्टरला लागतं. मग गाडी बी त्यातूनच भरतो कधीकधी."

बॅरल गोठ्याच्या बाहेर, उघड्यावर, उभा. झाकणाच्या बाजूला वर पावसाचं पाणी साचलेलं, बूच त्या पाण्यात बुडालेलं. आबांचं म्हणणं, बूच पान्याने आवळलंय, आत जाईल कसं? जातं. दुपारी ऊन पडलं की बॅरलमधली हवा फुगून बुचाच्या आट्यांतून बाहेर पडते. सरीबरोबर बॅरल गार झाला की तो हवा आत ओढतो, आणि तेव्हा बुचावर हवा नसते, पाणी असतं. पावसाळाभर रोज थोडं थोडं. वरून त्यांच्या हातपंपाची नळी थेट बुडाला टेकलेली. पाणी डिझेलपेक्षा जड. लिटरभर डिझेल भरतं साधारण ८२० ते ८४५ ग्रॅम, पाणी हजार. म्हणजे गाडीच्या टाकीत पहिल्यांदा जायचं ते पाणीच. मी सळईला पेस्ट लावून बुडवली. चार बोटं रंग बदलला. पुतण्या पंपावाल्याबद्दल जे बोलला होता ते आठवून असेल, इकडेतिकडे बघत राहिला.

ती काळी साय म्हणजे जिवाणू आणि बुरशी. राहतात पाण्यात, खातात डिझेल, म्हणून दोघांच्या मधल्या रेघेवर वाढतात. त्यावर औषधं मिळतात, पण माझ्या मते पाणी काढल्याशिवाय ती घालणं म्हणजे पैसे ओतणं.

टाकी उतरवली. आत गंज, तळाला तीच साय, आणि सक्शन पाइपच्या जाळीवर तिचा लगदा. डिझेल घालून, मूठभर नट टाकून टाकी हलवत बसायचं काम कंटाळवाणं आहे, पोरं टाळतात. धुण्याचं डिझेल पांढऱ्या फडक्यातून गाळून स्वच्छ येईपर्यंत ते करावंच लागतं. लाइनमध्ये हवा मारली ती फीड पंपाकडून टाकीकडे, उलटी. सुलटी मारली तर घाण पुढे जाते. फीड पंपाची जाळी धुतली, दोन्ही फिल्टर नाना पेठेतून नवे आणले. लाइनच्या जोडांवरच्या बॅन्जो बोल्टचे कॉपर वॉशर पण बदलले. जुनेच परत लावले की पुढे एअर घेतात आणि मग पुन्हा पंपाचं नाव निघतं.

नोझल टेस्टरवर लावले. तीन नीट फवारत होते, एक टपकत होता, त्याच्या नीडलवर गंज. तेवढा एक बदलला. पंपाला हातही लावला नाही. हा इनलाइन पंप म्हणून निभावलं. त्याच्या कॅमशाफ्टला इंजिन ऑइल मिळतं. रोटरी पंपाला वंगण म्हणजे आतून जाणारं डिझेलच, त्यात एवढं पाणी गेलं असतं तर त्या आधीच्या मिस्त्रीचा आकडा खरा ठरला असता. आणि आजकालच्या, त्याहून नाजूक कॉमन रेल पंपाच्या गाडीचं बिल मी आबांना ऐकवलंच नाही.

बॅरल छपराखाली घेतला. आडवा ठेवायचा असेल तर दोन्ही बुचं एका आडव्या रेघेत आणि डिझेलखाली राहतील असा. आबांना हातपंप लावायचा म्हणून उभाच ठेवला, पण एका बाजूला वीट सरकवून कललेला, बुचाची बाजू वर. नळी बुडापासून चार बोटं कापली. आतलं जुनं डिझेल त्यांना टाकवेना. ते निवळून, गाळून ट्रॅक्टरलाही घालू नका म्हणून मला दोनदा सांगावं लागलं. शेवटी ते गॅरेजला आणून दिलं, आमच्याकडे सुटे भाग धुवायला चालतं.

आठवड्याने गाडी फिल्टर बदलायला बोलावली होती. टाकी कितीही धुतली तरी कोपऱ्यातलं थोडं सुटून येतंच. आबांना ते पटेना. "नवाच घातला ना परवा?" जुना फिल्टर कापून आतला कागद दाखवला, त्यावर काळे डाग होते. तरी बिलात त्यांनी त्या दुसऱ्या फिल्टरचे पैसे दिले नाहीत, सीताफळाचा एक क्रेट ठेवून गेले.