ॲक्सोलोटलची पिल्लं: पुण्यात वाढवायची तर थंडीतच

पुण्यात ॲक्सोलोटलने (जन्मभर पाण्यातच राहणारा मेक्सिकोतला उभयचर प्राणी) फेब्रुवारीनंतर घातलेली अंडी वाढवायला घेऊ नयेत. ती फ्रीझरमध्ये टाकावीत. नाल्यात किंवा मुठा नदीत तर कधीच सोडू नयेत. या प्राण्याला 16 ते 18 अंशांचं पाणी मानवतं. 24 च्या वर गेलं की तो खाणं सोडतो आणि कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी धरते. नोव्हेंबरातली अंडी दोन-तीन आठवड्यांत फुटतात आणि ऊन तापेपर्यंत पिल्लं बोटापेक्षा मोठी झालेली असतात.

नुकतंच निघालेलं पिल्लू सेंटिमीटरभराचं असतं. पहिले दोन-तीन दिवस ते पोटातल्या बलकावर जगतं. मग त्याला हलणारंच अन्न लागतं, मेलेलं त्याला दिसतच नाही. म्हणून आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव. त्यांची अंडी घरीच फोडायची: लिटरभर पाण्यात 25 ग्रॅम खडेमीठ, सतत हवा, 26-28 अंश. डिसेंबरात घरातलं पाणी एवढं उबदार नसतं, तेव्हा बाटलीजवळ बल्ब लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशीही काही फुटलेलं दिसणार नाही. मलमलीतून गाळून, साध्या पाण्याने धुऊन दिवसातून दोनदा द्या. उरलेला आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासांत मरून सडतो, त्यामुळे पाणी रोज बदलायचं. नळाच्या पाण्याला आधी अँटिक्लोरिन, म्हणजे क्लोरिन घालवणारं औषध.

पुढचे पाय फुटले की खरी कसोटी. समोर हलेल ते तोंडात, मग तो भावाचा पाय का असेना. पाय पुन्हा उगवतो, पण जखमेत बुरशी शिरते. शक्य असेल तर प्रत्येकाला वेगळं ठेवा. श्रीखंडाचे किलोचे डबे स्वच्छ धुऊन यासाठी उत्तम. निदान आकारानुसार तरी वेगळी करा.

पाच सेंटिमीटरनंतर चिरलेलं गांडूळ चालतं. मात्र गांडूळखताच्या खड्ड्यातली लाल गांडुळं कडवट द्रव सोडतात, पिल्लं ती थुंकतात. गरम पाण्यात क्षणभर बुडवून, धुऊन दिली तर बरेचदा घेतात. टँकच्या तळाशी खडी नको. घासाबरोबर ती गिळली जाते आणि आतडं अडतं.

एप्रिल-मेमध्ये पाण्यावर टेबलफॅन सोडला तर तापमान दोन-चार अंशांनी उतरतं, कारण पुण्याची हवा तेव्हा कोरडी असते. पावसाळी दमट हवेत पंख्याचा फारसा उपयोग होत नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी घाला, म्हणजे क्षार साठत नाहीत. बर्फाच्या बाटल्यांनी पाणी एकदम गार होतं आणि पुन्हा तापतं. हा चढउतार जास्त वाईट. मोठं झाल्यावर चिलर (पाणी गार ठेवणारं यंत्र) हवाच, तो खर्च आधीच धरा.

साधारण 18 सेंटिमीटर, म्हणजे सहा महिने ते वर्षभरात, नर ओळखू येतो: मागच्या पायांमागे फुगवटा. तेव्हाच नर-मादी वेगळे करा, नाहीतर कोवळ्या वयाची मादी एका खेपेला शेकडो अंडी घालून खंगते. वाढवलेल्या पिल्लांची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदही करायची, कारण ॲक्सोलोटल साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे.