कांस घरी आणला

हल्ली लग्नाच्या हॉलमध्ये पाम्पासचे तुरे फार दिसतात. हे मूळचं दक्षिण अमेरिकेतलं गवत. ते वाळवलेलं विकत आणायचं नि फुलदाणीत खोचायचं. इंदूरबाहेर रेल्वेच्या कडेनं भाद्रपद सरता सरता कांस नावाचं रानगवत असं फुलतं की पाम्पासनं मान खाली घालावी. पण फुकटच्या गोष्टीला हॉलमध्ये कोण विचारतो! मी मात्र मुळासकट घरी आणून लावला.

आत्याबाईंनी बघून कपाळावर हात मारला. त्यांचं सासर देवासकडचं, शेतकऱ्यांचं. "अगं, याच्यापायी लोकांनी शेतं पडीक टाकली, आणि तू पाणी घालतेस?"

खोटं नाही ते. माळव्याच्या काळ्या मातीत याची जमिनीखालची खोडं इतकी खोल जातात की बैलाच्या नांगराला दाद देत नाहीत, आणि तुटलेल्या तुकड्याला पुन्हा कोंब येतो तो वेगळाच. १९४९ मध्ये भारतानं जागतिक बँकेकडून शेतीच्या यंत्रांसाठी १ कोटी डॉलरचं कर्ज काढलं, ते मुख्यतः कांसानं गिळलेली मध्य भारतातली जमीन ट्रॅक्टरनं सोडवायला. गवताची एवढी धास्ती!

पण उसाला काटकपणा दिला तो यानंच. कोइमतूरला जाड, रसाळ उसाशी कांसाचा संकर झाला आणि १९१८ मध्ये 'को २०५' हा वाण आला. मी हे मोठ्या ऐटीत ऐकवलं, तेव्हा आत्याबाई चहात साखर ढवळत होत्या. "म्हणून काय अंगणात?" एवढंच म्हणाल्या.

अंगणात नाहीच, सिमेंटच्या जुन्या टाकीत आहे. जमिनीत लावायची माझी छाती नाही. ऊन भरपूर हवं, बाकी लाड नकोत. पानाला हात लावताना मात्र जपून, कड ब्लेडसारखी चरकन कापते. तुरा जवळून बघावा. कोवळा असताना जरा जांभळट, उलगडला की रुपेरी. प्रत्येक इवल्या फुलाच्या बुडाशी रेशमी केसांचा झुपका असतो आणि त्याच्याच जोरावर बी वाऱ्यावर निघतं. शेजाऱ्यांशी बोलणं चालू ठेवायचं असेल तर त्याआधी तुरे कापावेत. मी कापून पितळी घागरीत ठेवते.

टाकीच्या भोकातून मुळं बाहेर डोकावतात, म्हणून ती विटांवर चढवली आहे. आत्याबाई आल्या की चपला काढायच्या आधी तिथं वाकून खाली नजर टाकून घेतात.