दुसरा नांगर

आज खाडीत भरती-ओहोटीचं पाणी फिरलं आणि होडीचा दुसरा नांगर सुटला. वर घेतला तर फाळांच्या (तळात रुतणाऱ्या पात्यांच्या) बिजागरीत शिंपला! फाळ हलेनासे झाले की नांगर पुन्हा रुतत नाही.

हा नांगर म्हणजे फोर्ट्रेस कंपनीचा छोट्या होडीसाठीचा अ‍ॅल्युमिनियमचा एफएक्स-७ जेमतेम १.८ किलोचा. रेती-चिखलात घट्ट धरतो, कातळावर बिनकामाचा. फाळांचा कोन रेतीत ३२ अंश, मऊ गाळात ४५. रेतीत ४५ ठेवलात तर शिरणारच नाही. भिरकावू नका; पाण्याला ओढ असली की पतंगासारखा भरकटतो, हळूच सोडा. पुढे २ मीटर साखळी, मग नायलॉनचा दोर. (तरंगणारा प्लॅस्टिकचा नकोच, इंजिनाच्या पंख्यात जातो.)

दोर किती? पाणी ३ मीटर, चढणारी भरती ३, नाळेची (होडीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची १. सातच्या पाचपट, ३५ मीटर. वारा असेल तर सातपट. भरती धरायलाच लोक विसरतात.