तारा दोन कोटी वर्षांपूर्वीच फुटला, मग घाई कसली?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न नेहमीचा आहे: एम101 दीर्घिकेतून प्रकाश यायला दोन कोटींहून जास्त वर्षं लागतात, तर तिथला श्वेत बटू (सूर्यासारख्या ताऱ्याचा उरलेला छोटा, घट्ट गाभा) सुपरनोव्हा होऊन फुटलेला चार तास आधी दिसला काय, चार दिवसांनी दिसला काय, फरक काय पडतो?

फरक पडतो, कारण पुढचे कित्येक आठवडे दिसणारा उजेड थेट स्फोटाच्या धगीचा नसतोच. स्फोटात तयार झालेल्या निकेल-56चं (अर्धायू, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, सुमारे 6 दिवस) कोबाल्ट-56 होतं, त्याचं (77 दिवस) लोखंड होतं, आणि त्या किरणोत्सारावर मलबा तापत राहतो. हा उजेड शिखरावर पोचायला अडीच आठवडे लागतात. तारा केवढा होता, शेजारी कोण होतं (ज्याच्याकडून वायू ओढून तो फुटला असेल तो सोबतचा तारा), याच्या खुणा तोवर पुसल्या जातात.

24 ऑगस्ट 2011ला कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या सर्वेक्षणात एम101मधला हा सुपरनोव्हा, एसएन 2011एफई, सापडला तेव्हा तो 17व्या प्रतीचा (आकडा मोठा तितका तारा मंद), म्हणजे मंदच होता. सप्टेंबरात 10व्या प्रतीपर्यंत गेला. सुरुवातीला तेज वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं असं धरून आलेख मागे नेला, तर तो सापडला तेव्हा स्फोटाला जेमतेम 11 तास झाले होते. खरी कमाई मात्र त्याआधीच्या एका रिकाम्या फोटोची. मायोर्का बेटावरच्या एका छोट्या दुर्बिणीने गणिताप्रमाणे स्फोटानंतर 4 तासांनी तोच भाग टिपला होता आणि त्यात काहीच नव्हतं. तारा मोठा असता तर त्याची धग तिथे दिसली असती. म्हणून त्रिज्या सूर्याच्या दोन टक्क्यांहून कमी, म्हणजे 14,000 किमीच्या आत. एवढ्यात श्वेत बटूच बसतो. मेख एकच: निकेलची उष्णता पृष्ठभागापर्यंत यायलाही वेळ लागतो. तो काळ अंधारात गेला असेल, तर स्फोट आणखी आधीचा ठरतो आणि ही मर्यादा सैल होते.

शेजाऱ्याचा माग याहून अवघड. मलबा सोबतच्या ताऱ्यावर आदळला की अतिनील किरणांची झळक उठते, पण ती ठळक दिसायची तर आपण योग्य बाजूला असावं लागतं. साधारण दहांत एकदा. शिवाय वातावरण अतिनील बहुतेक अडवतं, त्यामुळे स्विफ्टसारख्या, अवकाशातून अतिनील टिपणाऱ्या उपग्रहाकडे तातडीची मागणी करावी लागते. एसएन 2017सीबीव्ही या दुसऱ्या सुपरनोव्हात पहिल्या पाच दिवसांत तेजाच्या आलेखावर निळा उंचवटा दिसला, पण अतिनील अपेक्षेपेक्षा कमी भरलं आणि पुढच्या वर्णपटांत सोबत्याकडून ओरबाडलेला हायड्रोजनही सापडला नाही. निकेल वरच्या थरात मिसळलं तरी असाच उंचवटा येतो. नुसत्या आलेखावरून सोबती जाहीर करणारे मला घाईचे वाटतात.

शोधताना एका रात्रीत किमान दोन फोटो, मध्ये तासभर. लघुग्रह तेवढ्यात सरकतो आणि वगळता येतो. कॅमेऱ्यावर आदळलेल्या वैश्विक किरणाचा ठिपका दुसऱ्या फोटोत नसतोच. जुना संदर्भ-फोटो वजा करताना दोन्ही रात्रींची हवा सारखी स्थिर नसेल, तर दीर्घिकेच्या गाभ्यात खोटे तारे उगवतात, तेव्हा आधी धूसरपणा जुळवून घ्यायचा. निळी आणि लाल गाळणी दोन्ही वापरायच्या, कारण झळक खरी की निकेलची याचा पहिला अंदाज रंगावरून येतो. काही दिसलं नाही तरी फोटो किती मंद ताऱ्यापर्यंत पोचला ते वेळेसकट नोंदवायचं. ती नोंद नसलेला रिकामा फोटो कुठल्याच गणितात बसत नाही.

कॅलिफोर्नियात उजाडल्यावर पुढचे तास कुणीतरी सांभाळावे लागतात. लडाखमधल्या हानले इथली 70 सेंमीची ग्रोथ-इंडिया दुर्बीण, आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्थेची, अशाच कामाला लावलेली आहे.