तळाला गेलेली चीर

सोलापूरजवळच्या हिप्परग्याचा एकरुख तलाव अदिला नदीवर बांध घालून केलेला आहे, १८७१ साली पुरा झाला. उन्हाळ्यात त्याचं पाणी उतरलं की बांधाच्या पिचिंगचे, म्हणजे उतारावर रचलेले दगड पाण्याखाली इंच-दोन इंचांवर येऊन बसतात. वरून काहीच दिसत नाही. ताशी पन्नास किलोमीटरने येणारी रिमोटची स्पीडबोट त्यांवरून गेली की तळ नाकाच्या मागे, मधल्या कण्यावरच फुटतो. या महिन्यात माझ्या टेबलावर आलेली बोट अशीच फुटली होती. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्याच एका कॉलेजच्या पोराची, सत्तर-एक सेंटिमीटर लांब, फायबरची, म्हणजे काचेचं कापड रेझिन या वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवाने थरावर थर बसवून केलेली.

"काका, एम-सील भरलं तर चालेल का?" त्याने विचारलं.

पाणी आत यायचं थांबेल, पण तळ मजबूत होणार नाही. बोट वेगात असते तेव्हा तळ पाण्यावर सतत आपटत असतो. भरलेल्या गोळ्याच्या दोन्ही बाजूंनी तळ लवतो, गोळा लवत नाही, आणि चीर गोळ्याच्या कडेने पुढे सरकते.

चीर दिसते तेवढीच नसते, म्हणून मी आधी रुपयाचं नाणं घेऊन तळ ठोकून पाहतो. चांगल्या फायबरचा आवाज खणखणीत येतो. जिथे थर एकमेकांपासून सुटलेत तिथे बद्द वाजतो. या बोटीवर डोळ्यांना चार बोटं चीर दिसत होती, नाण्याने वीतभर सांगितली. पेन्सिलने ती हद्द आखली आणि बोट दोन दिवस पंख्याखाली उघडी ठेवली. चिरेत शिरलेलं पाणी निघाल्याशिवाय रेझिन धरत नाही. तळाच्या आत पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे शाफ्टच्या नळीतून उडालेलं ग्रीसही असतं. ते आधी ॲसिटोनने पुसायचं आणि मगच घासायचं. उलटं केलं तर पॉलिश पेपर ते ग्रीस फायबरच्या खाचांत दाबून बसवतो.

मजबुती आतून द्यायची आणि आकार बाहेरून, हे मी कधी सोडत नाही. बाहेरून पट्टी चिकटवली तर तळाला उंचवटा येतो आणि बोट पाण्यावर नीट बसत नाही. म्हणून आतल्या बाजूने चिरेच्या दोन्ही अंगांनी ८० नंबरच्या पेपरने उतार काढतो. जाडीच्या बारापट लांब उतार हा जुना हिशेब आहे. तळ दीड मिलिमीटर असेल तर प्रत्येक बाजूला साधारण १८ मिलिमीटर. चादरीला रफू करणारा धागा भोकाच्या कडेला थांबवत नाही, चांगल्या कापडात लांबवर नेतो, तसंच हे.

कापडाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण माझं आयुष्य यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा म्हणून गेलं. काचेचं कापडसुद्धा ताणा-बाणाच आहे. साध्या विणीचं कापड सपाट जागेवर छान बसतं, पण व्ही-आकाराच्या कण्यावर ताठ राहतं आणि खाली हवा धरतं. ट्विल विणीत धागे दोनावरून दोनाखालून जातात, त्यामुळे ते वळणावर अंग सोडून बसतं. मी चौरस मीटरला १६० ग्रॅम भरणारं ट्विल वापरतो. तीन पट्ट्या, पहिली लहान, मग मोठी, मग त्याहून मोठी, आणि मधली ४५ अंशांत तिरकी कापलेली. पिळवटणारा जोर या तिरक्या धाग्यांवर येतो. दुकानदार स्वस्त म्हणून मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांचे तुकडे न विणता चिकटवून केलेला पत्रा, पुढे करतो. मॅटमधले तुकडे ज्या चिकट पदार्थाने धरलेले असतात तो बहुतेक वेळा पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रावकाने विरघळतो, इपॉक्सी या दुसऱ्या जातीच्या रेझिनमध्ये विरघळत नाही. मग मॅट ताठ राहते, पांढरे ठिपके राहतात. इपॉक्सी घ्यायचं तर विणलेलंच कापड घ्या.

रेझिन मात्र इपॉक्सीच. मूळ तळ पॉलिएस्टरचा असला तरी इपॉक्सी त्याला घट्ट धरतं. इपॉक्सीवर पॉलिएस्टर लावायला गेलात तर धरत नाही. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, ते छोट्या वजनकाट्यावर मोजायचं. रेझिन कडक करणारा हार्डनर जास्त टाकून लवकर सुकवायचा प्रकार इथे चालत नाही, तळ कायमचा मऊ राहतो. आणि आपल्या सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो. तापमान दहा अंशांनी वाढलं की हाताशी मिळणारा वेळ जवळजवळ निम्मा होतो. म्हणून मी सकाळी सहाला बसतो आणि कालवलेलं रेझिन कपात न ठेवता पसरट ताटलीत ओततो. कपात ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर सोडतं आणि गोळा होतं.

तिन्ही पट्ट्या बसल्यावर वर नायलॉनचं पातळ कापड अंथरून ब्रशने दाबलं. दुसऱ्या दिवशी ते सोलून काढलं की खाली एकसारखा खरखरीत पृष्ठभाग मिळतो.

मग बोट उलटी केली. बाहेरच्या खाचेत इपॉक्सी आणि मायक्रोबलून, म्हणजे पोकळ बारीक कणांची भुकटी, यांची लांबी (पुट्टी) भरली, वाळल्यावर आधी पाण्याने धुतली, कारण वाळलेल्या इपॉक्सीवर चिकट मेण येतं. १२० पासून ४०० पर्यंत पेपर ओला करूनच घासतो, शिवाय तोंडावर मास्क. काचेची धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नाही, पोरांना हे मी ओरडून सांगतो.

शेवटचं काम सगळ्यांत नाजूक. स्टीलची पट्टी तळाच्या मागच्या तिसऱ्या भागावर उभी धरायची आणि उजेडात फट पाहायची. मध्ये खोलगट असेल तर बोट नाक खाली घालते, फुगीर असेल तर उड्या मारते. मागची कड धारदार हवी. ती घासताना गोल झाली तर पाणी तिला सोडत नाही, पाठीमागे चिकटून राहतं आणि वेग खातं. या बोटीला फुगीरपणा केसभर होता. सपाट लाकडी ठोकळ्यावर पेपर ताणून तो काढायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला.

रंग दिल्यावर वजन केलं, अकरा ग्रॅम वाढलं होतं. बॅटरी थोडी मागे सरकवून तोल पूर्वीच्याच खुणेवर आणला. पोराला सांगितलंय, पहिल्या फेऱ्या मध्यावर, बांधापासून लांब, निम्म्या वेगात. बोट बाहेर काढली की झाकण उघडून तळ बोटाने चाचपायचा आणि नाणं पुन्हा ठोकायचं. आवाज बदललेला वाटला तर बोट तशीच माझ्याकडे घेऊन यायची, दुरुस्तीची घाई स्वतः करायची नाही.