डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या उजव्या बुबुळावर आलेली सूज उतरेना, म्हणून यंदा कॉर्नियाचे, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचे, प्रत्यारोपण करावे लागले. ते उत्तम झाले. माझी तक्रार आहे ती डिस्चार्ज कार्डावरच्या एका ओळीविषयी: ‘आधीचे थेंब चालू ठेवावेत.’

आधीच्या थेंबांत किटोरोलॅक हे वेदनाशामक होते आणि नव्यांत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड व मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक. चौथ्या दिवशी कुमठेकर रस्त्यावरच्या औषधाच्या दुकानदाराने दोन्ही बाटल्या हातात घेऊन माझ्या मुलाला विचारले, “हे दोन्ही एकाच डोळ्यात? डॉक्टरांना विचारून घ्या.” तेवढे विचारायला मला दोन दिवस लागले. रुग्णालयात चार वेळा फोन केला. एकदा केस पेपरचा क्रमांक मागितला गेला, दोनदा डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये होते आणि चौथ्यांदा “पुढच्या तपासणीला विचारा” असे सांगण्यात आले. ती तपासणी आठ दिवसांनी होती! थेंब घालावेत की थांबवावेत, हे ठरवायचे कोणी? शेवटी रिक्षा करून गेलो आणि बाकावर तीन तास बसलो. आत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात रंगाची पट्टी टेकवून निळ्या प्रकाशात पाहिले. नव्या बुबुळावरची एक जागा अजून भरली नसून ती हिरवी चमकत होती. किटोरोलॅकसारखे वेदनाशामक थेंब आणि स्टिरॉइड, दोन्ही जखम भरणे लांबवतात. एकत्र घातले तर उशीर वाढतो आणि क्वचित बुबुळ विरघळू लागते, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी लाल पेनाने ती ओळ खोडली. या सगळ्याला पाच मिनिटेही लागली नाहीत.

स्टिरॉइड मात्र मनाने बंद करू नये, कारण शरीराने बुबुळ नाकारू नये म्हणून तेच लागते; त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो, तोही तपासून घ्यावा. दोन थेंबांत किमान पाच मिनिटे सोडावीत, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. मलम असेल तर ते सर्वांत शेवटी लावावे. घरातल्या सगळ्या बाटल्या, जुन्याही, पिशवीत घालून न्याव्यात. मी पहिल्या दिवशी तेच केले नाही. आणि हो, प्रेडनिसोलोनची बाटली घालण्यापूर्वी हलवावी लागते, हेही मला त्याच बाकावर शेजारच्या आजींकडून कळले.

नवे, स्वच्छ कार्ड मागितले, तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, “काट मारलेलं चालतं हो.”