नाइस

‘भरीत नाइस होतं,’ एवढाच सोनूचा निरोप काल रात्री आला. तिने आठवणीने कळवले, त्यात तिचे काही चुकले नाही; तरीही सकाळपासून तो शब्द मनातून जात नाही.

थंडी पडल्यापासून बामणोदच्या हिरव्या वांग्यांची मी वाट पाहत होते. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर ती भाजली, साल करपून सुटेपर्यंत जागची हलले नाही, मिरची आणि लसूण वेगळे ठेचले, शेंगदाणे तांबूस होताच तेलातून काढले, कांद्याची पात अगदी शेवटी घातली आणि डबा रात्रीच्या गाडीने पुण्याला धाडला. एवढ्या सगळ्याला तिने तोच शब्द लावला, जो ती नव्या पडद्यांनाही लावते आणि कुणाच्याही साखरपुड्याच्या फोटोलाही. आईने शिकवलेले आता कोणासाठी करायचे, असेही मनात येऊन गेले, ते असो.

या शब्दाचा पूर्वेतिहास मला ठाऊक आहे, म्हणून तो अधिकच लागतो. लॅटिनमधल्या ‘न जाणणारा’ या अर्थाच्या शब्दापासून निघून तो फ्रेंचमार्गे १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असा होता. पुढे तो फाजील चोखंदळ माणसाला लागू लागला, मग बारीक फरक ओळखणाऱ्या नजरेला, आणि १८व्या शतकात ‘सुखद’ हा अर्थ रुळल्यावर तो कशालाही चालू लागला. ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे सूक्ष्म भेद, या वापरात मात्र ती जुनी पारख अजून टिकून आहे आणि मला सोनूकडून नेमकी तीच हवी होती. वांगे काड्यांवर भाजले की गॅसवर, हे तिच्या जिभेने ओळखायला हवे होते.

दुपारी अण्णांनी उरलेले भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर खाल्ले आणि ‘लसूण यंदा मवाळ आहे, मिरचीने त्याला दाबलं,’ असे म्हणून ते हात धुवायला उठले. त्या एका वाक्याने मन बरेच निवळले. सोनूच्या कानावर ऑफिसात दिवसभर हाच शब्द पडत असणार, आणि दमून घरी आल्यावर माणूस तोंडी बसलेलेच बोलणार. पुढच्या खेपेला निम्मी वांगी गॅसवर भाजून दुसऱ्या डब्यात देईन आणि कोणता डबा कोणता, हे तिलाच विचारीन.